एका कंदुरीचा तपास

शुक्रवारी पहाटे पावणेपाचला आमच्या आरोग्यसेवकांचा फोन आला. "मॅडम, सात जणं आलेत. ढाळ-उलट्या. अजून एक टमटम भरून यायलीय म्हणतेत." एप्रिलचा शेवटचा आठवडा, लातूर जिल्हा, दुपारचा पारा बेचाळीसच्या पुढं. अर्धवट झोपेत मला आधी उष्माघात आठवला, मग टँकर. आमच्याकडं उन्हाळ्यात पोट बिघडलं की बोट टँकरकडंच जातं. ज्या जिल्ह्याला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाचा पाण्यावरचा संशय काही उगाच नसतो.

नऊ वाजेपर्यंत सव्वीस पेशंट झाले होते. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात खाटा सहा. व्हरांड्यात सतरंज्या अंथरल्या, खिडकीच्या गजांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या, आशाताईंनी दोन घागरींत ओआरएस कालवलं. ज्याला पिता येतंय त्याला पाजायचं आणि ज्याचं अंग गळालंय त्यालाच सलाईन, हे समजावण्यात माझा अर्धा घसा गेला. "पाणीच पाजायचं होतं तर घरी काय वंगाळ होतं? सुई द्या की मॅडम." एका आजोबांची लघवी सकाळपासून बंद होती, त्यांना १०८ बोलावून पुढं पाठवलं. तेवढी एकच काळजीची केस. कोणी दगावलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको.

आलेले सगळे आदल्या दिवशी, गुरुवारी, एका कंदुरीला जेवले होते. कंदुरी म्हणजे काय हे मराठवाड्याबाहेरच्यांना सांगावं लागतं: नवस फिटला की दर्ग्याला बोकड द्यायचा, मलिद्याचा निवद दाखवायचा आणि शेतात झाडाखाली चुली मांडून गावजेवण घालायचं. यजमान हिंदू, बोकड कापणारे मुलाणी, पंगतीला सगळे. या घरी सहा वर्षांनी लेकरू झालं होतं, त्याचा हा नवस. चिंचेखाली पंगती बसल्या होत्या.

मी फॉर्म काढले आणि प्रत्येकाला विचारत सुटले. नाव, वय, त्रास कधी सुरू झाला, काय जेवलात? उत्तर एकच: "मटण-भाकरी." एकतीस जणांच्या एकतीस ओळी भरल्या आणि सगळ्यांपुढं 'मटण'. मनात म्हटलं, मिळालं.

काहीही मिळालं नव्हतं. संध्याकाळी तालुका आरोग्य अधिकारी आले. त्यांनी माझी यादी पाहिली आणि शांतपणे विचारलं, "जे आजारी नाहीत, ते काय जेवले?" मी गप्प. त्यांनीही मटण-भाकरीच खाल्ली असणार. कंदुरीला आणखी काय जेवतात? पीएसएमच्या, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक वैद्यकाच्या, तासाला हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं: नुसते आजारी मोजून काही कळत नाही, निरोगी माणसांनाही तेच प्रश्न विचारावे लागतात. पण समोर ओकाऱ्या काढणारी माणसं असताना धडधाकट माणसाच्या दारात जाऊन "तुम्ही काय खाल्लं" विचारायचं सुचत नाही, हेही खरं.

एक गोष्ट मात्र त्या पहिल्या यादीनंच सांगितली, ती म्हणजे वेळ. जुन्या रजिस्टरच्या पाठकोऱ्या पानावर मी तासांचे चौकोन आखले आणि एका पेशंटला एक फुली असं भरत गेले. पहिली फुली गुरुवारी मध्यरात्रीची. मग पहाटे चारपासून शुक्रवारी रात्री आठपर्यंत फुल्यांचा ढीग. जेवण दुपारचं. म्हणजे बहुतेकांना चौदा ते तीस तासांनी त्रास सुरू झाला. पेढ्या-बासुंदीतून होते तशी स्टॅफिलोकोकसची विषबाधा असती, तर एक ते सहा तासांत लोक जेवल्या जागीच ओकले असते. मोठ्या भांड्यात तासन्‌तास कोमट राहिलेल्या मटणात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स वाढतो, पण त्यात ताप सहसा येत नाही आणि माणूस दिवसभरात उठून बसतो. इथं निम्म्याहून जास्त जण तापानं फणफणले होते. सहा ते बहात्तर तासांचा पल्ला, ताप, पोटात मुरडा, जुलाब. हे सगळं साल्मोनेला नावाच्या जंतूकडं बोट दाखवत होतं. आणि साल्मोनेला म्हटलं की डोक्यात पहिल्यांदा येतात अंडी आणि कोंबडी. पण कोंबडी तर कोणाच्याच तोंडून आली नव्हती.

शनिवारी गावात गेलो. आमचे आरोग्यसेवक क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाची बाटली घेऊन टँकरमागं, मी आणि दोन आशाताई घरोघर. टँकरच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकताच पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन होतं. पण त्याहून मोठा पुरावा वस्तीतच होता: तेच पाणी पिणारी, पण कंदुरीला न गेलेली चार घरं ठणठणीत होती. उलट पुण्याहून आलेले पाहुणे फक्त जारचं पाणी प्यायले होते आणि त्यातले तिघं आडवे. टँकर सुटला.

तोवर गावानं आपले निकाल लावून टाकले होते. एक म्हणाला, बोकडच आजारी होता. दुसरा म्हणाला, भावकीतल्या अमक्यानं कायतरी कालवलं. एक म्हातारी माझ्या कानाशी येऊन भानामती म्हणाली आणि पटकन इकडं-तिकडं पाहिलं. यजमानाच्या घरात तर सुतक पडल्यासारखं. त्याची आई उंबऱ्यावर बसून होती. मी विचारलं, "आजी, काय काय केलं होतं जेवायला?" ती म्हणाली, "बोकडाचंच होतं बाई समदं. दोन बोकडं हुती. नवसाचं हाय, त्यात खोट कशी आसंल?" बोलताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

दुपारी दोनच्या सुमाराला एका घरी सहा वर्षांचा पोरगा खाटेवर बसून ओआरएस पीत होता. त्याची आई नेहमीचं उत्तर देत होती, "मटण खाल्लं, भाकरी खाल्ली," आणि हा मधेच म्हणाला, "मी लेगपीस खाल्ला. दोन."

मी लिहिता लिहिता थांबले. बोकडाला लेगपीस नसतो.

"कोंबडी होती का?" मी आईला विचारलं. ती सहज म्हणाली, "व्हय की. सांगितलं न, मटण म्हणून." आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या भागात मटण म्हणजे बोकडाचंच असं नाही. कोंबडीचं मटण, बोकडाचं मटण, अगदी मासळीलाही 'मटण' म्हणणारी घरं आहेत. मी एकतीस लोकांना चुकीचा प्रश्न विचारला होता आणि त्यांनी बरोबर उत्तर दिलं होतं. मी लातुरातच वाढले, तरी फॉर्म हातात आला की डोकं पुस्तकाच्या भाषेत चालतं.

मग यजमानाच्या चुलत भावांना, म्हणजे विशी-पंचविशीच्या पोरांना, बाजूला घेतलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. दीडशे पानांचा अंदाज होता, माणसं तीनशेच्या वर आली. साडेदहा-अकराला गाड्यांची रांग बघून यजमानाचा चेहरा पडला. तिसरं बोकड त्या वेळी कुठून आणायचं, आणि पैसे? दोन मोटारसायकली तालुक्याच्या गावी गेल्या आणि चाळीस किलो ब्रॉयलर घेऊन आल्या, कॅरीबॅगा खताच्या पोत्यात घालून, उन्हातून पाऊण तास. नवसाच्या कंदुरीत पाव्हण्यांना ब्रॉयलर घातलं, ही गोष्ट त्या घराला आजारापेक्षा जास्त झोंबत होती. म्हणून आजीच्या बोलण्यात कोंबडी नव्हती.

"किती वेळ शिजवलं?" "लई शिजवलं मॅडम, तास-दीड तास." हे उत्तर सगळे देतात, मी स्वतःही दिलं असतं. पण त्यातल्या एकानं दिवसभर व्हॉट्सॲपला स्टेटस टाकलं होतं आणि मूळ व्हिडिओ त्याच्या फोनमध्ये होते. एका व्हिडिओत जर्मनच्या दोन पातेल्यांत कोंबडी ओततायत, वेळ दुपारी एक वाजून सहा मिनिटं. दुसऱ्यात तिसरी पंगत बसलीय, वाढपी सुक्कं वाढतोय, वेळ एक एकेचाळीस. पस्तीस मिनिटं. चाळीस किलो, दोन पातेली, काठोकाठ भरलेली, लाकडाचा जाळ, आणि वेळ वाचवायला मोठ्या ठेवलेल्या फोडी. बोकडाचं आचाऱ्यानं केलं होतं, निवांत, सकाळपासून. सुक्कं पोरांनी. पातेलं इतकं भरलं की उलथनं फिरत नाही. तळाच्या फोडी करपतात, वरच्या नुसत्या वाफेवर राहतात. फोडीच्या गाभ्यात ७४ अंश पोचलं की साल्मोनेला मरतो. पण तो आकडा गाभ्याचा असतो, पातेल्यातल्या रटरटणाऱ्या तेलाचा नव्हे.

बऱ्याच जणांनी मला आता आठवून सांगितलं, "हाडापाशी लाल होतं बगा." मी ते लिहून घेतलं, पण त्यावर फार भिस्त ठेवली नाही. ब्रॉयलर कोवळा असतो, त्याच्या हाडातला मगज शिजताना पाझरतो आणि नीट शिजलेली टांगही हाडाजवळ लालसर दिसू शकते. उलट पांढरी दिसणारी फोड आतून कच्ची राहू शकते. शिवाय आजारी पडल्यावर माणसाला सगळंच लाल आठवतं.

मग रविवारी आणि सोमवारी आम्ही नव्यानं यादी केली. या वेळी केसची व्याख्या नीट लिहिली: कंदुरीला जेवलेली आणि नंतर बहात्तर तासांत, एका दिवसात तीन वा जास्त पातळ जुलाब, किंवा जुलाबासोबत ताप अथवा उलटी झालेली व्यक्ती. दुसऱ्याच घरी ती मोडली. तिथली बाई चांगलीच आजारी होती, पण गुरुवारचा उपवास, शेंगदाण्याचा लाडू सोडून काही खाल्लेलं नाही. तिनं काय केलं होतं? कोंबडी निवडली, धुतली, घमेलं भरून. हात साध्या पाण्यात खळखळले आणि लाडू खाल्ला. व्याख्येतलं 'जेवलेली' खोडून आम्ही 'हजर असलेली' केलं.

आजारी-निरोगी मिळून १४८ जणांना विचारलं. प्रत्येकाला वेगवेगळं: बोकडाचं? कोंबडीचं? मलिदा? काकडी-कांदा? कितव्या पंगतीला? हा शेवटचा प्रश्न आमच्या आरोग्यसेवकांनी सुचवला. तीस वर्षं नोकरी झालेला माणूस, साथरोगाचं पुस्तक कधी उघडलं नसेल, पण म्हणाला, "मॅडम, पहिल्या पंगतीचे कुणीच आलेले दिसनात आपल्याकडं."

रात्री क्वार्टरमध्ये कॅल्क्युलेटर घेऊन बसले. कोंबडी खाल्लेले ९२, त्यातले ५५ आजारी. न खाल्लेले ५६, त्यातले ८. म्हणजे खाणाऱ्यांना चौपटीहून जास्त धोका. बोकडाचं खाल्लेल्यांत आजारी त्रेचाळीस टक्के, न खाल्लेल्यांत बेचाळीस. काहीच फरक नाही. आणि ज्यांनी फक्त बोकडाचं खाल्लं, कोंबडीला हात लावला नाही, असे ३९ जण होते. त्यांतला एकही आजारी नव्हता.

खरी गंमत पंगतींची होती. पहिल्या दोन पंगतींना कोंबडी पोचलीच नव्हती. तिसऱ्या पंगतीत कोंबडी खाल्लेले ४१, आजारी ३२. चौथ्या पंगतीत ३० पैकी १८. पाचव्या, शेवटच्या पंगतीत २१ पैकी फक्त ५. तोवर पातेली जाळावर आणखी तास-दीड तास राहिली होती आणि निम्मी रिकामी झाल्यामुळं उलथनं फिरायला लागलं होतं. चांगलं शिजलेलं अन्न उन्हात ठेवून नासलं असतं, तर उलटं झालं असतं. शेवटचे जास्त आजारी पडले असते. ते आकडे ओळीनं मांडले तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते. मी उठून एकटीनंच चहा केला. कुणाला तरी फोन करून सांगावंसं वाटत होतं, पण या आनंदाला त्रेसष्ट लोकांच्या जुलाबांची पार्श्वभूमी होती, तेव्हा राहू दिलं.

उरले कोंबडी न खाता आजारी पडलेले आठ. एक ती उपवासवाली. पाच जण माळकरी. त्यांची पंगत चौथ्या पंगतीच्या वेळी बाजूला बसली होती, वरण-भात आणि वांग्याची भाजी. त्यांना विचारलं तर एक जण चिडलाच, "गळ्यात माळ हाय मॅडम, काय इचारायलाव?" पाचही जणांनी काकडी-कांदा खाल्ला होता. पहिल्या पंगतींची काकडी सकाळी घरी चिरली होती. नंतरची कमी पडली म्हणून शेतातच चिरली. कुठं? यजमानाच्या मावशीनं सांगितलं, "त्याच पाटावर की. पाणी मारून घेतलं होतं." त्या पाटावर तासाभरापूर्वी कोंबडीच्या फोडी केल्या होत्या. कोंबडी निदान पस्तीस मिनिटं तरी जाळावर होती, काकडी तेवढीही नव्हती. माळकऱ्यांना हे मी कसं सांगायचं, हा प्रश्न माझ्या एमबीबीएसमध्ये नव्हता. "पाट खराब होता" एवढंच सांगितलं.

राहिलेली दोन लहान लेकरं फक्त भात जेवलेली. त्यांचं कोडं सुटलं नाही. आयांनी भरवताना हाताला लागलं असेल, किंवा नुसतं कोपऱ्यातलं सुक्कं कुणी तोंडात घातलं असेल. रकान्यात 'अज्ञात' लिहिलं.

प्रयोगशाळेचं थोडक्यात सांगते, कारण तिथं फार शौर्य गाजवता आलं नाही. शौचाचे नऊ नमुने, वाटेत जंतू टिकवून धरणाऱ्या कॅरी-ब्लेअर माध्यमात घेऊन, लसीसाठी बाद झालेल्या कॅरियरमध्ये बर्फात ठेवून मेडिकल कॉलेजला पाठवले. चारांत साल्मोनेला वाढला, टायफॉइडचा नव्हे, दुसरा. बाकीच्यांपैकी काहींनी आमच्याकडं येण्याआधीच बाहेर कुठंतरी अँटिबायोटिकची सुई घेतली होती. मग वाढणार काय? साध्या साल्मोनेलाच्या जुलाबात धडधाकट माणसाला अँटिबायोटिक लागतही नाही, उलट जंतू जास्त दिवस पोटात रेंगाळू शकतात. हे मी बाहेरच्या डॉक्टरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, पेशंट मागतो." पुढचं, म्हणजे नेमका कोणता प्रकार, यासाठी जंतू हिमाचलातल्या कसौलीच्या केंद्रात पाठवतात.

अन्न आणि औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी आले तोवर उरलंसुरलं कुत्र्यांनी संपवलं होतं. एका घरच्या फ्रिजमध्ये सुक्क्याचा स्टीलचा डबा सापडला. एरवी त्यांच्या नियमानं नमुन्याचे चार भाग करायचे असतात. आमच्या डब्यात एकूण फोडीच चार. त्यातही त्या वहिनींनी ते दोनदा उकळून ठेवलं होतं. त्यात काही सापडलं नाही. चिकनच्या दुकानात एकच पाण्याची बादली, दिवसभर तीच, आणि कापलेला माल फळीवर उघडा. दुकानदाराचं म्हणणं, "रोज चाळीस घरं नेतात, कुणाला काय झालं नाही." यात तो खोटं बोलत नव्हता. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला असणं हे काही नवल नाही; घरच्या कुकरात तो मरतो म्हणून कुणाला कळत नाही.

अहवालात मी 'संभाव्य स्रोत' असंच लिहिलं. अन्नाच्या नमुन्यात जंतू मिळाला नाही, त्यामुळं 'निश्चित' लिहिता येत नाही. वरून कुणीतरी विचारलंच, की मग नक्की काय ते सांगा. पंगतींचा तक्ता जोडला होता, तो बघा म्हटलं.

महिनाभरानं यजमानाची आई बीपीच्या गोळ्या न्यायला ओपीडीत आली. गोळ्या घेतल्या, पण उठेना. मग हळूच म्हणाली, "त्ये तुमचं कागद वर गेलं म्हणं. त्यात काय लिवलंय?"

मी फाईल काढली आणि तिला वाचून दाखवलं. कोंबडी अर्धी-कच्ची राहिली, पाट धुतला नाही, असं.

"बोकडाचं नाव न्हाई त्यात?"

"नाही आजी. उलट ज्यांनी फक्त बोकडाचं खाल्लं, ते सगळे ठीक होते. एकोणचाळीस माणसं. एकालाही काही झालं नाही."

"एकालाबी न्हाई?"

"एकालाही नाही."

तिनं पदराचं टोक डोळ्याला लावलं, मग दर्ग्याच्या दिशेला, म्हणजे माझ्या औषधांच्या कपाटाकडं, हात जोडले. "मंग नवस पोचला म्हणायचा," असं म्हणून ती गोळ्यांची पुडी कमरेला खोचत बाहेर पडली.